डावा कौल

आजीच्या बाराव्याला जेवायला आलेली माणसं उठता उठता आत्याचं कौतुक करत होती. हाडांचा सापळा झालेल्या म्हातारीला लेकीनं तूप-पेज भरवून जगवलं, अशी लेक नशिबानंच मिळते, असं एकीनं म्हटलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी पत्रावळी उचलत होते. तोंडाशी आलेलं गिळून टाकलं. बाराव्याच्या दिवशी घरच्या बायकांनी खरं बोलायचं नसतं.

आजी आम्हा सगळ्यांची लाडकी होती, हेही खोटं नाही. आजोबा अंथरुणाला खिळलेले, मुलगे मुंबईला, तरी तिनं भातशेतीचा एक कुणगा पडीक ठेवला नाही आणि काजूच्या बागेत चोराला फिरकू दिलं नाही. कुणाची गाय अडली की बोलावणं तिला यायचं. तिच्या हातच्या बांगड्याच्या तिखल्यासाठी मी आजही जीव टाकीन. पण तो बांगडा ताटात पडताना कोण कशाच्या लायकीचं आहे ते ऐकून घ्यावं लागे. मी काळी, म्हणून शेपटी माझी. तेव्हा सगळे हसायचे आणि मीही हसायचे. आता आठवलं की राग येतो, आणि तोंडाला पाणीही सुटतं.

आत्या तिची एकुलती एक मुलगी. तिला विशीत इन्सुलीकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा बघून गेला, तिलाही तो आवडला. लग्नाआधी आमच्याकडे ग्रामदेवीचा कौल घेतात. गुरव देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावून प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आजी नारळ घेऊन एकटीच देवळात गेली आणि परत येऊन म्हणाली, डावा पडला. विषय तिथंच संपला. पुढं आणखी स्थळं आली, आजी पुन्हा नारळ घेऊन गेली आणि पुन्हा डावा पडला. देवीला नको असलेली मुलगी कोण करून घेणार? हळूहळू स्थळं यायची बंद झाली. आजोबांचं गू-मूत आत्यानं काढलं, गुरं तिनं बघितली, नंतर आजीचं सगळं तिच्यावरच आलं. तिनं तक्रार केलेली मी ऐकली नाही. देवीनंच नाही म्हटल्यावर माणसावर कशाला चिडायचं, असं ती म्हणायची, आणि मला तिचा फार राग यायचा.

नव्वदी ओलांडल्यावर आजी पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. पाठीला जखमा झाल्या. कूस बदलताना ती अशी कण्हायची की मी मागीलदारी निघून जायचे. जीव अडकलेल्या माणसासाठी देवीपुढं गाऱ्हाणं घालतात, सुटका करायची का म्हणून कौल मागतात. आजी रोज तेवढंच मागायची. देवीक माझ्यासाठी विचार गो, म्हणायची. ज्या बाईनं आयुष्यात कुणापुढं हात पसरला नाही, ती लेकीचा पदर धरून रडायची. आत्या आज जाते, उद्या जाते करत राहिली.

एका रविवारी मी सुट्टीला कुडाळहून आले, तेव्हा एकदाची आत्या निघाली. नारळ मांडीवर घेऊन माझ्या स्कूटरवर मागं बसली. देवळाच्या अलीकडं व्हाळावर साकव आहे, ओढ्यावरचा छोटा पूल; तिथं तिनं मला थांबवलं. उतरली आणि कठड्यावर बसून राहिली. उशीर होतोय म्हटलं तर उठेना.

"देवीन माका कधी उजवो दिल्यान नाय," ती म्हणाली. "हिका कित्याक देतली?"

मग नारळ पुन्हा मांडीवर घेऊन तिनं मला स्कूटर वळवायला सांगितली. वाटेत बांगडे घेतले.

घरी आल्यावर नारळ आजीच्या उशाशी ठेवून आत्या शांतपणे म्हणाली, "आये, डावो पडलो."

आजीनं मान वळवून नारळाकडं बघितलं. तो शेंडीसकट अख्खा होता. देवीपुढं फोडलेल्या नारळाची कवड, म्हणजे अर्धी वाटी, परत येते, हे आत्या विसरली होती.  मला वाटलं, आजी आता शिव्या देईल. ती हसली. दात नसलेलं, पण जुनंच हसू, मला शेपटी वाढताना हसायची तसलं.

"साकवार बसान इलंस मां?" ती म्हणाली. "तुझ्या कौलाक मी पण तेवा थंयच बसललंय."

आत्याच्या हातात बांगड्यांची पिशवी होती, तिचं पाणी जमिनीवर गळत होतं. ती स्वयंपाकघरात गेली, तो नारळ फोडला, वाटण वाटलं आणि तिखलं केलं. आजीला भातात कालवून भरवलं, काटे नीट काढून. आजीनं पुन्हा मागितलं, तेव्हा पुन्हा वाढलं.

दुसऱ्या दिवसापासून आत्या आजीच्या पेजेत तूप घालू लागली. आजी तोंड मिटून घ्यायची, तर गाल दाबून भरवायची. आजी आणखी दोन पावसाळे जगली.