टाके तिचे, नकार माझा

वेदना माणसाला खोली देते, असं मी पुष्कळदा म्हणालो आहे. म्हणताना दर वेळी खुर्चीत बसलेलो असायचो.

बायकोच्या सिझेरियनच्या दिवशीही वाशीमच्या दवाखान्यात मला खुर्ची मिळाली होती. तिला आत नेलं होतं. सही नवऱ्याची, ही आपल्याकडची रीत, म्हणून डॉक्टरीणबाई बाहेर येऊन मला विचारू लागल्या, "टाके घालताना जखमेच्या कडेनं भुलीचं इंजेक्शन देऊ का? सुरुवातीचे काही तास दुखणं कमी राहील."

शेजारी आई होती, सकाळीच आसेगावहून आलेली. "माह्ये तिन्ही लेकरं घरीच झाले. मले कोनं टोचलं होतं?"

आईचं ऐकून नको म्हटलं असतं, तर निदान आज्ञाधारक ठरलो असतो. पण मला स्वतःचं मत होतं. नवं काही दिसलं की त्याला उगाचचा थाट म्हणायचं, ही माझी जुनी खोड. "नको," मी म्हणालो, "शक्यतो नैसर्गिकच राहू द्या." पोट कापायला निघालेल्या बाईंना मी हे सांगितलं. त्यांनी कागदावर तसं लिहून माझी सही घेतली आणि त्या आत गेल्या.

मुलगी झाली. संध्याकाळी कमरेखालची भूल उतरली. गोळ्या, सलाईन सगळं चालू होतं, तरी खोकला आला की बायको उशी पोटाशी दाबून धरायची. मुलीला पाजायला कुशीवर वळायचं, तर आधी डोळे मिटून घ्यायची. तिच्या प्रत्येक कण्हण्याखाली माझी सही होती. पलीकडच्या खाटेवरच्या बाईचं सिझेरियनही त्याच सकाळचं. ती उठून बसली होती आणि भावजयीशी बोलत होती.

"तिले टाक्यात इंजेक्शन देलं म्हनते," बायको म्हणाली. "मले काहून नाही देलं?"

"सगळ्यांना देत नसतील."

या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते दोन दिवस टोचत राहिलं.

तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं. ती दुपट्याची घडी घालत होती. घडी पूर्ण केली.

"पोट माह्यं अन् इचारलं तुमाले. बरं, इचारलं. मी त जागीच होती. तुमी कोनाले आत धाडून मले इचारलं असतं त?"

"सुचलं नाही."

"एवढे पुस्तकं वाचता."

त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

चार महिन्यांनी माझी दाढ काढायची ठरली. दातांच्या डॉक्टरांनी भुलीच्या इंजेक्शनाबद्दल विचारलं, तेव्हा मुलीला कडेवर घेऊन ती तिथंच उभी होती. "द्या," ती म्हणाली. "त्यायले सोसत नाही."

मी दोन घेतली.