देविदासभाऊंची गूळतुला

“साहेब, वजन कमी करतो म्हन्जे करतो. पन गूळतुला होऊन जाऊ द्या.”

देविदासभाऊ छातीवर ईसीजीच्या वायरी लावून पडले होते आणि माझ्याकडे मुदत मागत होते. वडनेर भोलजीचे भाजीपाल्याचे बागायतदार, वजन सव्वा क्विंटलच्या आसपास. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन स्पष्ट दिसत होतं. म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे ताल सोडून नुसते थरथरतात. तिथे रक्ताची गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली, की लकवा.

शहरातल्या हृदयतज्ज्ञांनी अब्लेशन सांगितलं होतं. मांडीच्या शिरेतून नळी हृदयात न्यायची आणि चुकीचे सिग्नल जिथून उठतात तो भाग जाळून टाकायचा. पण आधी वजन उतरवा, नाहीतर केलेलं टिकायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

भाऊंनी उतरवलंही होतं. पंगती सोडल्या, मळ्यात पायी जाऊ लागले. धडधड कमी झाली. तेवढ्यात वाढदिवस जवळ आला. दरवर्षी गाव त्यांना गुळाने तोलायचं आणि तो गूळ घरोघर वाटायचं. भाऊ हलके भरले तर गावाला कमीपणा. मग घरी लाडवांचे डबे येऊ लागले, आणि वजन पुन्हा चढलं.

“मग अब्लेशनची तारीख रद्द करू?” मी वैतागलोच.

“काऊन चिडता साहेब? लोकाइचं मन मोडू काय?”

त्यांच्या पत्नी कमलाबाई दाराशी उभ्या होत्या. “आन् माहं?” एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसापासून लाडू बंद.

“गूळतुलेले येजा बरं साहेब,” असं आमंत्रण मात्र आलं. निवृत्तीनंतर मला दवाखान्यापेक्षा अशा आमंत्रणांचीच जास्त आठवण येते. आधी चहा, मग गावभरच्या गप्पा, आणि निघताना हळूच पुढे केलेला कुणाचा तरी दुखरा गुडघा. ते दिवस फार सुखाचे होते.

भाऊ पारड्यात बसले. गुळाच्या भेल्या चढू लागल्या, त्या थांबेचनात. मी चक्रावलो. एवढं वजन परत आलं कुठून? भाऊंखालची गादी घरचीच होती, पण कमलाबाईंना ती फुगीर दिसली. त्यांनी भाऊंना उठवलं आणि गादी उचलली. खाली दुकानातली लोखंडी मापं! तुला भरवणारे गावातले कार्यकर्ते एकमेकांची तोंडं बघू लागले.

मापं काढली, तशा भेल्याही उतरल्या. गर्दीत कुजबुज झाली, “भाऊ खंगले न बावा.”

“खंगले नाही,” कमलाबाई म्हणाल्या. “पारड्यात जेवढे कमी भरले, तेवढे मले वापस भेटले.”

भाऊंनी उपरण्याने डोळे पुसले. माझेही भरून आले होते.

अब्लेशन ठरल्या तारखेला झालं. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, वजन आटोक्यात आहे, ताल टिकून आहे. मी एवढंच शिकलो, की डाएट एकट्या पेशंटला समजावून भागत नाही, गावालाही समजवावं लागतं.

गावाला ते अजून पुरतं पटलेलं नाही. पुढच्या वर्षी गावकऱ्यांनी तुलेसाठी दुसरा वजनदार माणूस शोधला. माझ्या जागी आलेल्या डॉक्टरांना मी त्याचं नाव कळवून ठेवलं.