आडवी चाल

कवळीकाकांनी उभं आयुष्य लोकांचे दात केले. खिडकीपाशी टेबल, टेबलावर प्लास्टरचे जबडे, डोळ्याला भिंग. निम्मी गल्ली त्यांच्या दातांनी हसायची. आणि घरात त्यांची बायको त्याच दातांनी त्यांना चावायची. आपल्या हातच्या मालाची अशी पावती वैऱ्यालाही मिळू नये!

आजारपणात काकूंची सगळी ओळखच पुसली गेली होती. वर्षभर तोंडातून शब्द नाही. कुणी समोरून जवळ आलं, अगदी कवळी काढून घ्यायला जरी, की त्या झडप घालत. दुसऱ्यांदा मनगटाला टाके पडले तेव्हा लेकीनं निक्षून सांगितलं, "बाबा, आता एकदा जरी चावली ना, तर आईला मी संस्थेत ठेवणार. तुमचं काही ऐकायची नाही."

काका घाबरले ते चाव्याला नव्हे, लेकीच्या बोलण्याला. काकूंशिवाय घरात राहायचं कसं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

वाट दाखवली ती टेबलावरच्या एका कोळ्यानं. जाळं न विणता जबड्यांवर टणाटण उड्या मारणारा, तांदळाएवढा नर. समोरच्या सुळ्यावर मातकट मादी बसली होती. तिची झडप चुकवायला हा शहाणा तिच्याकडे सरळ गेलाच नाही. पुढचे दोन झुपकेदार पाय उंच धरून आडवा सरकला, थांबला, तांबडा चेहरा दाखवला, तोंडापुढचे पांढरे गोंडे थरथरवले, पुन्हा आडवा. मादीचे काळेभोर डोळे त्याच्यावरून हलत नव्हते. काका भिंग लावून आणखी खाली वाकले. अशी नजर ते रोज घरात बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून काका बायकोला भरवायला तसेच जाऊ लागले. हात वर, एका हातात वाटी, खेकड्यासारखे आडवे. लेक तोंडाला पदर लावून हसली, मग हसायची थांबली. कारण काकू टक लावून बघत होत्या, आणि काका जवळ पोचले की मुकाट्यानं तोंड उघडत होत्या.

मग एका दुपारी टेबलावरची मादी अगदी निश्चल झाली. जमलं बुवा, असं काकांना वाटतंय तोच तिनं नराला धरलं. झुपकेदार पाय तेवढे थोडा वेळ हलत राहिले.

काका वाटी घेऊन खोलीत गेले. काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, अगदी निश्चल. काका हात वर करून थबकले.

"अहो," काकू म्हणाल्या. "जवळ या ना."

दारातून लेक ओरडली, "बाबा, मागे व्हा!"

काकांनी वाटी खाली ठेवली, हात खाली घेतले आणि सरळ गेले. मनगटात दात रुतले. लेकीला दिसू नये म्हणून त्यांनी तिच्याकडे पाठ केली आणि आवाज कापू न देता म्हणाले,

"काही नाही गं. मुका घेतेय."