उकिरडा थंड होईना

मथुराबाई खतात कोपरापर्यंत हात घालत आणि डोळे मिटत. विश्रांतवाडीत आमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून त्यांची दोन गुंठे जमीन. बाकीच्या शेतावर इमारती उठल्या, त्यातलीच एक आमची. उरलेल्या तुकड्यात त्या मेथी, मुळा, वांगी करत, आणि कोपऱ्यात उकिरडा. मी तुळशीच्या कुंडीसाठी मूठभर खत मागायला गेले, तेव्हा पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "थंड लागलं तर मुरलं. गरम लागलं तर कच्चं हाय. मुळं जाळतंय."

शेण सगळं चंद्रीचं. एकच गाय. गेल्या गणपतीत ती गेली. शहरात गाय पुरायला परवानगी कुठली? पालिकेची गाडी आली आणि घेऊन गेली. मथुराबाई गाडीमागे वळणापर्यंत अनवाणी चालल्या. "आपल्या मातीत जायला पायजे होती," एवढंच म्हणाल्या.

मुलगा संभाजी तसा सरळ माणूस, पण त्याला गाडी लावायला जागा हवी होती. तो म्हणाला, "आये, हा ढीग संपेस्तोवर कर भाजी. खत संपलं की जागा माझी."

"अन् मी काय करू?"

"टीव्ही बघ."

ढीग जुना, मुरलेला, चहाच्या भुकटीसारखा मोकळा. वांग्याची रोपं लावायला आली होती. घटस्थापनेच्या सकाळी मथुराबाईंनी ढिगात हात घातला आणि झटकन काढला. "सत्यशीला, खाली ये गं!"

मीही हात घातला. धारोष्ण दुधाच्या चरवीसारखी ऊब. आणि माथ्यावर खोलगट दाब, गाय बसून उठल्यावर पडतो तसा.

संभाजी चिडला. "ढीग संपू नये म्हणून कुणाच्या गोठ्यातलं शेण आणून टाकतीस?"

"तुझ्या बापाची आन."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो स्वतः घमेलं पालथं घालून राखणीला बसला. मी गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. कुणी आलं नाही. ऊब शोधणारी गल्लीतली कुत्रीसुद्धा लांबून गेली. उजाडताना ढिगातून वाफ निघाली. निघायची, थांबायची, पुन्हा निघायची. संभाजी चपला हातात घेऊनच घरी गेला.

खत गरम, म्हणून घालता येईना. ढीग सरेना, म्हणून जागा जाईना. रोपं मात्र पिवळी पडू लागली.

"मावशी, तुमच्या फायद्याचंच आहे की," मी म्हटलं.

"वांगं न लावता नुसती जमीन धरून बसू? चंद्री माझ्यापायी अडकलीय गं."

त्या संध्याकाळी मी रामरक्षा जरा मोठ्यानेच म्हटली.

दिवाळीच्या पाडव्याला पहाटे उकिरड्यावर दिवा ठेवतात. मथुराबाईंनी ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि ढिगावर हात फिरवला. "चंद्रे, लई केलंस. जमीन गेली तर जाऊ दे. तू मूर आता." वारा नव्हता, तरी ज्योत त्यांच्या बाजूला झुकली. मी पाहिलं. कुणी विश्वास ठेवा, न ठेवा.

भाऊबीजेला खत थंडगार. त्यांनी रोपागणिक ओंजळ-ओंजळ घातलं. भोगीपर्यंत वांग्यांच्या फांद्यांना टेकू द्यावे लागले. सोसायटीची सगळी भोगीची भाजी त्याच वाफ्यांतली.

ढीग संपला. कोपरा मथुराबाईंनीच झाडून दिला. "लाव बाबा गाडी."

पहिल्याच सकाळी गाडीचं बॉनेट गरम.

"पहाटे कुठे गेला होतास का?" मी विचारलं.

"किल्ली उशाखाली हाय, ताई." संभाजीने बोट दाखवलं. बॉनेटच्या पत्र्याला खोलगट दाब पडला होता, रुंद, गोलसर.

आता संभाजी गाडी रस्त्यावर लावतो आणि जागा मिळत नाही म्हणून कुरकुरतो. परवा त्यानेच कुठल्याशा गोठ्यातून टेम्पोभर शेण आणून त्या कोपऱ्यात टाकलं.

"कच्चं हाय आये. मुरू दे, मग घाल."

मथुराबाईंनी हात घातला. "ताजं शेण. गरम असायचंच," त्या म्हणाल्या.

हात मात्र कितीतरी वेळ बाहेर काढला नाही.