मास्टर बोआटेंग आणि माझ्या पांढऱ्या खोळी

शोकसभेत मौन पाळायचं असतं, हे माझ्या गाडीला कुणी सांगितलं नव्हतं.

खरं तर गाडी बिचारी मांडवाच्या कडेला आपली गप्प उभी होती. पाद्रीबाबांनी डोळे मिटायला सांगितले, सगळ्यांनी मिटले, आणि उभं राहून राहून पाय दुखले म्हणून मी तिच्या पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर जरा रेललो. तेवढ्यानं ती ओरडली. म्हातारी बकरी फाटकात अडकावी तशी. मी दचकून अंग काढून घेतलं, तर वर येताना पुन्हा ओरडली. काळ्या-तांबड्या कपड्यांतला सगळा मांडव वळला. त्यातले निम्मे कपडे मीच शिवलेले. घानातल्या आमच्या कुमासीत शिंप्याचा शनिवार कुणाच्या ना कुणाच्या मयतातच जातो. सगळ्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे, आणि मग गाडीच्या मागच्या काचेकडे. काचेवर ठळक पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘मास्टर बोआटेंगच्या हाताखालून गेली आहे.’

खुद्द मास्टर बोआटेंग तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. प्रार्थना संपली तरी उघडले नाहीत.

मास्टर म्हणजे सुआमेतले, आमच्या शहरातल्या गॅरेजांच्या वस्तीतले, फिटर. सुआमेत फिटरांचा तोटा नाही. तिथं दगड मारला तर तो फिटरालाच लागेल, आणि तो दगडालाही एक बोल्ट कमी आहे म्हणून सांगेल. पण मास्टरांची गोष्ट वेगळी. हा मनुष्य गाडी दुरुस्त झाल्यावर तिच्यात माणसं बसवतो. सस्पेन्शनचं काम असलं की शेवटचे बोल्ट ते चाकं जमिनीवर टेकवून आणि आत भरगच्च माणसं बसवूनच आवळतात. त्यासाठी सगळ्या गल्लीला आवतण जातं. केंके, म्हणजे पानात उकडलेले मक्याचे गोळे, आणि तळलेली मासळी विकणाऱ्या आफ्रिये मावशींचा मान पुढच्या सीटचा. मावशी अंगावरचं कापड सावरून अशा बसतात, की स्प्रिंग नमस्कार करते. मागे वेल्डर, रंगारी, टायरवाला, जो मोकळा असेल तो. मास्टर खाली पाना फिरवतात, वर राजकारण चालतं. एखाद्या दिवशी काम संपलं तरी कुणी उतरत नाही.

“गाडी रिकामी कधी चालते का?” मास्टर विचारतात. “मग रिकामी असताना का आवळायची?”

या मास्टरांना एकच हौस होती. गल्लीचा प्रमुख व्हायचं. सध्याचे प्रमुख, म्हातारे असिएदू आजोबा, आता थकले होते आणि येत्या मंगळवारी ते थोरामोठ्यांना बसवून नवा प्रमुख नेमणार होते. काम काय, तर गटारावरून भांडणं झाली की मिटवायची आणि मयताला पुढच्या रांगेत बसायचं. पण मास्टरांनी त्या दिवसासाठी माझ्याकडे निळा सदरा शिवायला टाकला होता, आणि कॉलर कशी बसते ते बघायला तीनदा येऊन गेले होते. त्यांच्या विरोधात उभे होते दुसरे फिटर, अंपोन्सा. त्यांचं गॅरेज बरोबर समोर, आणि तोंड मात्र चोवीस तास उघडं.

अर्थात मयताच्या मांडवात असिएदू आजोबाही होतेच. आणि अंपोन्सा त्यांच्या शेजारी.

सोमवारी सकाळी मी गाडी परत मास्टरांकडे घेऊन गेलो तर निम्मं सुआमे आधीच हजर. आजारी माणसापेक्षा आजारी गाडीला बघायला जास्त लोक येतात, कारण डबा आणावा लागत नाही.

“स्प्रिंग तुटलीय,” टायरवाला म्हणाला.

“शॉकअ‍ॅब्सॉर्बर गेलाय. जुनाच पुसून घातला असेल,” अंपोन्सा म्हणाले. “मी कुणाचं नाव घेत नाही. काचेवर आहे.”

“तुमच्या गाड्यांच्या काचेवर काहीच नसतं, अंपोन्सा,” आफ्रिये मावशी केंक्याचं पान सोडत म्हणाल्या. “भीती वाटत असेल.”

असिएदू आजोबांना कुणीतरी खुर्ची दिली होती. ते काठीवर हनुवटी ठेवून बघत बसले.

मास्टर पुढे झाले. गाडीच्या पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून त्यांनी तिला खाली दाबलं आणि सोडलं. ओरडली. पण एकदाच खाली-वर होऊन थांबली. “शॉक ठीक आहे,” ते पुटपुटले. “गेला असता तर डुलत राहिली असती.” मग चाकाखाली वाकून त्यांनी स्प्रिंगवरून बोट फिरवलं, आईनं तापलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावं तसं. स्प्रिंग धडधाकट. सांधे हलवून बघितले. घट्ट.

“मग भूत आहे म्हणा,” अंपोन्सा म्हणाले.

“साबणाचं पाणी आण रे,” मास्टर रंगाऱ्याला म्हणाले.

त्यांनी मला गाडी दाबत राहायला सांगितलं आणि स्वतः आडवे झाले. एकेका रबरावर पाणी ओतत गेले. मी दाबतोय, ती ओरडतेय. पुन्हा पाणी, पुन्हा ओरडणं. सुआमेतला सगळा ठोकाठोकीचा गोंगाट जरा लांबून ऐकू येत होता, इतकी माणसं कान देऊन उभी होती. आणि मग चाक धरणाऱ्या खालच्या आर्मच्या मागच्या बुशवर, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळीवर, पाणी पडलं, आणि गाडी गप्प झाली. मी दाबतोय आणि ती गप्प.

“खोड सापडली,” टायरवाला म्हणाला.

बुश काढायला वेळ लागला. मास्टरांनी तो तळहातावर घेतला तेव्हा मीही वाकून बघितला. परवा-परवा घातलेलं नवं कोरं रबर, पण धुणं पिळावं तसं पिळवटलेलं, आणि एका अंगानं फाटलेलं. यंत्रातलं मला काही कळत नाही, पण कापड कळतं. विजारीचा एक पाय उलटा धरून शिवला की शिवण पहिल्या दिवसापासून पीळ धरते, आणि घालणारा बसला की उसवते. तसं दिसत होतं ते.

मास्टर बुशकडे बघत राहिले. मग त्यांनी एकदा, फक्त एकदा, गाडीच्या सीटांकडे बघितलं.

सीटांवर माझ्या हातच्या पांढऱ्या शुभ्र खोळी होत्या, कडेला सोनेरी गोट. मागच्या दुरुस्तीच्याच दिवशी चढवल्या होत्या. आणि आफ्रिये मावशी मासळीच्या हातांनी दार उघडायला आल्या, तेव्हा मीच आडवा झालो होतो. “आज कुणी बसायचं नाही. तेलकट कपड्यांनी तर नाहीच. मास्टर, असंच आवळा हो, एक दिवस चालतंय.” मास्टर कुरकुरले होते. मी हात जोडले होते. गाडी जॅकवर, चाकं लोंबतायत, आणि त्यांनी तसेच बोल्ट आवळले.

“काय निघालं?” असिएदू आजोबांनी विचारलं.

मी मावशींकडे बघितलं. मावशींनाही आठवलं होतं, त्यांच्या भुवईवरून कळत होतं. त्यांनी तोंड उघडलं, पण मास्टर आधी बोलले.

“चाकं लोंबत असताना आवळले, आजोबा. खाली उतरवल्यावर रबराला पीळ बसला. फाटायचंच होतं.”

“कुणी आवळले?”

“मी.”

“तुम्ही तर माणसं बसवून आवळता.”

“या वेळी नाही बसवली.”

आजोबांनी मान हलवली, काठी टेकत उठले आणि गेले.

मंगळवारी अंपोन्सा प्रमुख झाले. मास्टरांनी निळा सदरा घालून त्यांचं अभिनंदन केलं, रिवाजाप्रमाणे मानाची बाटली दिली, आणि कॉलर बसते आहे असं मला खुणेनं सांगितलं. चेहरा मात्र पिळलेल्या बुशसारखा होता.

बुधवारी नवे बुश आले. चाकं ओंडक्यांवर चढवून मास्टर खाली सरकले. मी स्वतः गाडीचं दार उघडून धरलं. आफ्रिये मावशी मासळीच्या टोपलीसकट पुढं बसल्या. मागे वेल्डर, रंगारी, टायरवाला. रंगाऱ्याचा सदरा ओला होता, हिरवा. खोळीवर त्याची पाठ टेकली तेव्हा मी दुसरीकडे बघितलं.

“पांढरं छान आहे हो,” मावशी म्हणाल्या. “आता गल्लीच्या ओळखीचं होईल.”

वर नेहमीप्रमाणे चर्चा सुरू झाली. नवे प्रमुख पहिल्याच दिवशी गटारावरून टायरवाल्याशी कसे भांडले ते टायरवाला रंगवून सांगत होता. मी गाडीच्या बाजूला उकिडवा बसलो. खालून मास्टरांचे फक्त पाय दिसत होते.

“मास्टर,” मी हळूच म्हणालो, “सोमवारी आजोबांना सांगायचं होतंत. मी बसू दिलं नाही म्हणून. आज खुर्ची तुमची असती. माझं नाव का नाही घेतलंत?”

पाना दोनदा फिरल्याचा आवाज आला. मग खालून मास्टर म्हणाले, “पाना तुझ्या हातात होता का?”