पडवीतले चार दिवस

आमच्या थोरल्या वहिनींना दर महिन्याला चार दिवसांची सुट्टी असायची. ती मी बंद केली, आणि बंद केल्याबद्दल शाल-नारळ घेतला.

हौसावहिनी गेल्या त्याला आता दीड महिना होईल. बातमी आली तेव्हा मी सारोळ्याला एका लग्नाच्या मांडवात उभा राहून 'मुलाच्या मामांनी स्टेजजवळ यावे' असं ओरडत होतो. माझा भोरला मंडप आणि स्पीकरचा धंदा आहे. माइक माझा असतो, त्यामुळं तो कुणी माझ्या हातातून काढून घेत नाही, हे माझं आणि तालुक्याचं दुर्दैव. थोरल्या दादांचा फोन आला तो मी कापला. परत आला, परत कापला. मग आमच्या हिचा, मंगलचा आला. "आदी त्यो माइक खाली ठिवा," ती म्हणाली, "आक्का गेल्या." माइक काही मी खाली ठेवला नव्हता. माझं "कधी?" सगळ्या मांडवानं ऐकलं. मुलाचे मामासुद्धा जिथं होते तिथंच थांबले...

घर आमचं उत्रोलीला. दादांचं आणि माझं एकत्रच. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा मी दहावीत नापास होण्याची जोरदार तयारी करत होतो. त्यांचं माहेर वेल्ह्याच्या पलीकडं, डोंगरातलं. बोलणं कमी, काम अफाट. शेण, दूध, भाकरी, भाताची खाचरं, पुन्हा भाकरी. आमच्या घरात पुरुषाला तहान लागली की तो पाण्याकडं जात नसे, वहिनींना हाक मारत असे. मीही मारत असे. माठ माझ्या पाठीशी असला तरी मारत असे. दिवसातून किती हाका त्यांच्या नावानं उठत असतील, देवाला ठाऊक. देवाच्या नावानं तेवढ्या नक्कीच उठत नव्हत्या.

फक्त महिन्यातले चार दिवस या हाका बंद असत. बाईची पाळी आली की तिला बाजूला बसवायची जुनी पद्धत आमच्या घरात टिकून होती. चुलीला शिवायचं नाही, माठाला नाही, देवाला नाही. लावणीच्या दिवसांत खाचरात उतरलं तर मात्र चालायचं. आमचा देव चुलीपाशी कडक आणि चिखलात सवलतीचा. मागच्या दारी गोठ्याला लागून एक पडवी आहे, तिथं वहिनी बसायच्या. खाली घोंगडी, शेजारी वेगळी ताटली-तांब्या, आणि भिंतीतल्या कोनाड्यात फणी, आरसा, करवंटीत कोकमाच्या तेलाचा गोळा. सावकाश केस विंचरायच्या. टाचा दगडानं घासून कोकमाचं तेल दिव्यावर पातळ करायच्या आणि भेगांत भरायच्या. मग समोरच्या रोहिड्याच्या डोंगराकडं बघत बसायच्या, तास न् तास. त्या चार दिवसांत स्वयंपाक मंगलकडं. मंगलची भाकरी म्हणजे रोहिड्याची पायरी, त्यामुळं दादा आणि मी ते दिवस उपासात असल्यासारखे काढायचो.

एकदा मला खोड्या सुचल्या. गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून मी विचारलं, "वहिनी, दिसभर नुसतं बसून करता काय?"

"निवडते," त्या म्हणाल्या.

सूप नाही, तांदूळ नाही. "काय निवडता?"

"महिनाभराचं. कुणाला काय बोलले, कुणाचं बोलणं गिळलं... टाकायचं ते टाकते, ठिवायचं ते ठिवते. महिन्याच्या महिन्याला निवडलं न्हाई तर माणसाला कीड लागतीय, भावजी."

"आन् मी कशात धरलाय? तांदळात का खड्यात?"

"तुमी व्हय?" वहिनी आरशातच हसल्या. "तुमी लई मोठा खडा. निवडावा लागत न्हाई, लांबनंच दिसतो."

हा किस्सा मी पुढं कितीतरी लग्नांत माइकवरून सांगितला. हशा हमखास. त्यातलं ते कीड लागण्याचं वाक्य माझ्या कधी कानातच शिरलं नव्हतं, हे मला आत्ता, लिहिताना, कळतंय.

मग तो मार्चमधला महिलांचा कार्यक्रम आला. देवळाच्या सभामंडपात गावच्या सगळ्या बायका बसलेल्या आणि पुण्याहून यायच्या त्या पाहुण्या वाटेत अडकलेल्या. आयोजक म्हणाले, जरा वेळ सांभाळा. मला वेळ सांभाळायला सांगणं म्हणजे बोकडाला भाजीच्या राखणीला बसवणं. आधी मी 'हॅलो, हॅलो' केलं, मग दोन विनोद केले, तरी पाहुण्यांचा पत्ता नाही. मग मला समाजसुधारणा सुचली. "माय-भगिनींनो," मी आवाज चढवला, "बाई बाजूला बसते म्हणजे काय? ती काय विटाळ आहे? मी घरापासून सुरुवात करतो. आमच्या घरात आजपासून कुणीही बाजूला बसणार नाही! हा माझा शब्द आहे!" टाळ्या पडल्या. वहिनी तिसऱ्या-चौथ्या रांगेत होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मला वाटलं, भारावल्या. तेवढ्यात पाहुण्या आल्या, झालेली घोषणा त्यांना कुणी तरी सांगितली, आणि त्यांनी स्वतःला मिळालेली शाल काढून माझ्या खांद्यावर घातली, वर नारळ. घरी येऊन मी ती शाल मोठ्या थाटात वहिनींपुढं धरली, "वहिनी, हिचा खरा मान तुमचा." त्यांनी तिची नीट घडी घातली. "ऊब चांगली हाय," एवढंच म्हणाल्या, आणि पत्र्याच्या पेटीवर ठेवून दिली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी वहिनी नेहमीप्रमाणं पडवीत जाऊन बसल्या. दादा मागच्या दारी गेले. "अगं, हितं काय? धाकट्यानं चारचौघात शब्द दिलाय. ऊठ, चा टाक." वहिनी उठल्या. घोंगडी झटकली, गुंडाळली, खुंटीला लावली आणि आत येऊन चहा टाकला. मी पुढच्या ओट्यावर पेपर वाचत होतो. माझा मलाच अभिमान वाटला. चहा झकास झाला होता.

रूढी वाईटच होती, यात मी आजही माघार घेत नाही. आमच्या सुनांनी तो जाच कधी बघितला नाही, हे बरंच झालं. पण त्या वाईट भिंतीला एक फट होती, तिच्यातून एक बाई महिन्यातून एकदा श्वास घेत होती. मी भिंत पाडली म्हणून मिरवलो, आणि बुजवली ती नेमकी फट. तिच्या बदल्यात दुसरं काही द्यावं, हे ना मला सुचलं ना दादांना. शाल दिली की!

वहिनींनी मग दुसरी वाट काढली. दर अवसेला माहेराकडच्या देवळात जायचं म्हणाल्या. वेल्ह्याच्या पुढं ओढ्याकाठी एक लहानसं देऊळ आहे, पुजाऱ्याखेरीज कुणी फिरकत नाही. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं परत. पहिल्या अवसेला एकट्या गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा निवळलेला होता, पण मला तो दमलेला वाटला आणि त्यांची दया आली. या वयात एसटीचे धक्के! दुसऱ्या अवसेला मी टेम्पो काढला. मागं कर्णे, पुढं वहिनी आणि अखंड चालू असलेला मी. भोर ते नसरापूर मी त्यांना एका वरातीची गोष्ट सांगितली, नसरापूरला मिसळ खायला घातली, आणि वेल्ह्यापर्यंत उरलेली वरात संपवली. देवळात पोचलो. त्या खांबाला टेकून बसल्या, डोळे मिटले... आणि मला दिसलं की देवळाचा स्पीकर बंद पडलाय. आता माझ्यासारखा माणूस तो तसा सोडेल का? मी पान्हा-पक्कड आणली, जोडणी केली, आणि चालतोय का बघायला आरत्या लावल्या. दिवसभर चालला. परतताना वहिनी म्हणाल्या, "भावजी, आता नगं यायला. देव पावला." हेसुद्धा मी वर्षभर लोकांना हसत हसत सांगितलं: आमच्या वहिनींचा देव माझा टेम्पो बघून घाईघाईनं पावला.

त्यानंतर त्या कुठंच गेल्या नाहीत. हाकांना ओ देत राहिल्या.

छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना भोरच्या दवाखान्यात ठेवलं. मी थर्मास घेऊन गेलो. पांघरुणाबाहेर पाय आले होते. उन्हाळ्यात खाचर तडकतं तशा टाचा तडकलेल्या. ते मी बघितलं, आणि बघून न बघितल्यासारखं केलं. म्हटलं, "वहिनी, लौकर बऱ्या व्हा. घर अडलंय."

"अडू द्या," त्या म्हणाल्या. "हितं बरं हाय, भावजी. कुणी हाक मारत न्हाई."

"मग काय, ऐश हाय तुमची!" असं म्हणून मी त्यांना करमावं म्हणून वरव्याच्या एका नवरदेवाची गोष्ट सुरू केली. तो घोड्यावरून कसा पडला, मी माइकवरून काय बोललो... वहिनींनी थोडा वेळ ऐकलं. मग हात किंचित वर केला.

"भावजी, जरा गप बसता का? निवडायचं लई साठलंय."

मला वाटलं, औषधाची गुंगी. मी बाहेर चहा प्यायला गेलो. त्यानंतर सारोळ्याचं लग्न, आणि तो फोन.

तेराव्याला पाहुण्यांपुढं मी हेही सांगितलं, आवाज जरा ओला करून: बघा, शेवटपर्यंत बिचारीच्या डोक्यात तांदूळच! पाहुणे हळहळले. ते गेल्यावर मंगलनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "तांदूळ नव्हता त्यो," ती म्हणाली. "आन् आक्कांची पाळी कवाच थांबली व्हती. तुमच्या भाषणाच्या आदी, लई वर्सं. वय झालं न्हवतं व्हय त्यांचं?"

"मग त्या बसायच्या कशाला?"

मंगलनं पातेलं परत उचललं. "दुसरी कंची सुट्टी व्हती त्यांना?"

आळीतल्या सगळ्या बायांना हे ठाऊक होतं. मंगलला तर होतंच. त्या बसल्या की मंगलनं करायचं आणि मंगल बसली की त्यांनी, असा दोघी जावांचा न बोलता झालेला करार होता, आणि तो मी भर सभेत मोडला होता. "मग मला आधी का नाही सांगितलंस?" मी जरा चिडूनच विचारलं. चूक स्वतःची निघाली की मला पहिल्यांदा राग येतो.

"तुमाला?" ती म्हणाली. "ते बी माइकवर गेलं असतं."

दादांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी खुंटीवरची घोंगडी काढली, झटकली आणि परत लावली. "ऊठ, चा टाक, असं म्या म्हणलो व्हतो," एवढंच बोलले. हे छापायला देऊ का, असं विचारलं तर म्हणाले, "दे. तुझ्याबरुबर माझं बी घाल."

मीही एकदा पडवीत बसून पाहिलं. म्हटलं, आपलंही महिन्याचं निवडून घ्यावं. निवडायला घेतलं तर सगळे खडेच हाताला लागायला लागले... मग मी कुत्र्याशी बोलायला लागलो, आणि थोड्या वेळानं कुत्रंही उठून गेलं.

परवा दुपारी मांडव सोडून घरी आलो. ओट्यावर टेकलो आणि सवयीनं हाक मारली, "अगं, चहा!" उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही. मागच्या दारी गेलो. पडवीत घोंगडी पसरली होती, तिच्यावर माझी ती मानाची शाल अंथरली होती, आणि तिच्यावर मंगल बसली होती. केस मोकळे. शेजारी दिवा आणि वहिनींची करवंटी. ती टाचेच्या भेगेत कोकमाचं तेल भरत होती, अगदी सावकाश. "अगं, पण तुझी पाळी तर..." म्हणून मी तोंड उघडलं.

"बघता काय?" तिनं मान वर केली नाही. "चार दिस म्या न्हाई. चा तुमचा तुमी करा. आन् ह्याच्यावर कुठं भाषण ठोकून दुसरी शाल आणू नका, बूड टेकायला एक पुरतीय."