धर्मराजची हंबर

घणसोली गावठाणातल्या गोटीरामच्या दुकानात हल्ली पंक्चरपेक्षा गाडीतून आलेली माणसंच जास्त दिसतात. इंग्लंडच्या जुन्या सायकली हुडकून त्या पूर्वीसारख्या करायचं वेड लागलेली ही मंडळी. एखादी सायकल घ्यावी की सोडावी, हे विचारायला त्यांना गोटीरामच लागतो. गडी सत्तरीचा, तोंडाने फटकळ. पान्याने सायकलच्या नळ्यांवर टकटक करतो, कान लावतो आणि निकाल देतो, ‘जीव हाय’ किंवा ‘जीव नाय.’ वाद घालणाऱ्याला चहासुद्धा विचारत नाही.

गेल्या महिन्यात त्याने त्यांतल्याच सीवूड्सच्या अरविंद साहेबांना आमच्या शेजारी यशोदाबाईंच्या ओटीवर आणलं. घर पाडून तिथे इमारत व्हायची होती. लेकाने, हितेशने, आईला बजावलं होतं, बाबांच्या सायकलला गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाहीतर भंगारवाला. नवऱ्याची सायकल भंगारात जाऊ नये, एवढ्यासाठीच म्हातारीचा जीव टांगणीला लागला होता.

सायकल अस्सल इंग्लंडची हंबर, खूण म्हणजे पुढचं चाक धरणारा दोन-दोन दांड्यांचा फोर्क. पण यशोदाबाईंचा नवरा धर्मराज हयात होता तोवर दर दसऱ्याला तिला धुऊन, झेंडू बांधायच्या आधी तेलरंगाचा हात मारायचा. कधी निळा, कधी चंदेरी. मायेपोटी माणूस किती वाटोळं करतो बघा! गोटीरामने नखाने खरवडलं तेव्हा खाली मूळचा काळा रंग आणि सोनेरी रेघ निघाली.

“काका, ओरिजिनल आहे! फायनल करू?” अरविंद हरखले.

गोटीरामचा हात आडव्या नळीवर थांबला. रंगाच्या थरांखाली दोन उंचवटे होते. चाळीस वर्षांपूर्वी धर्मराजच्या लेकीसाठी, संध्यासाठी, छोटी सीट गोटीरामनेच तिथे वेल्डिंग करून बसवली होती. पातळ नळीला वेल्डिंग म्हणजे रेशमी साडीला तापलेली इस्त्री. साहेबांना ते दिसलं नव्हतं. त्याच्या जागी मी असतो तर गप्प बसलो असतो, खोटं कशाला सांगू?

“साहेब, नको घेऊ. नळी जळलेली हाय. मीच जाळली, तवा मना अक्कल नव्हती.”

साहेब हळहळले, हात जोडून निघून गेले. यशोदाबाई मात्र उसळल्या.

“गोटीराम, जीभ झडो तुझी! आता भंगारवालाच नेल तिला. त्या सीटवर बसून माजी संध्या चार वर्सं शालंत गेली. नळी जळलेली, मंग तवा कशी नाय मोडली रं?”

 म्हातारी पदराने सायकलची सीट पुसत होती. गोटीरामला फार वाईट वाटलं. त्याने पाना उचलला आणि जळक्या नळीवर ठोकला. आवाज बद्द आला, जीव नसलेल्या नळीचा, मलासुद्धा कळला.

“वयनी, जीव हाय,” गोटीराम म्हणाला, आणि सायकल ढकलत आपल्या दुकानात घेऊन गेला.

निकाल देताना त्याला खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं.